ज्येष्ठांची स्मरणचाचणी: काय मोजते आणि काय सुटते

आजचा विषय घराघरातला आहे. जळगाव घ्या नाहीतर धुळे, साठीपुढच्या माणसांच्या आरोग्य तपासणीत रक्तदाब, साखर, वजन, डोळे या नेहमीच्या गोष्टी असतात. आता कधीकधी त्यांच्या शेवटी आणखी एक पायरी येते. परिचारिका म्हणते, "आजी, मी तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा बरं का." मग वार, तारीख, महिना. शंभरातून सात वजा करा. घड्याळ काढून दाखवा. दहा मिनिटांत कागदावर आकडा पडतो: तीसपैकी एकोणीस. आजी बिचाऱ्या ओशाळतात आणि परतीच्या रिक्षात मुलाच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत राहतो, "मायला डिमेन्शिया झाला का?"

या आकड्याचा अर्थ काय, तो कुठे फसवतो आणि तो कमी आला तर पुढे काय करायचे, या तीन गोष्टी आपण आज क्रमाने बघू.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

आपल्याकडे म्हण आहे, साठी बुद्धी नाठी. या म्हणीने दोन्हीकडून नुकसान केले आहे. एक म्हणजे म्हातारे माणूस जरा काही विसरले की त्याची थट्टा होते. दुसरे नुकसान जास्त मोठे. खरा आजार सुरू झाला तरी घरचे म्हणतात, "वय झालं, चालायचंच." आणि दोन-तीन वर्षे तशीच निघून जातात.

वयाबरोबर आठवण्याचा वेग कमी होतो, हे खरे. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन थांबते आणि तासाभराने आपोआप आठवते. याला आजार म्हणत नाहीत. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, कधी म्हणायचे? स्मरण, भाषा, हिशेब, वाट ओळखणे, निर्णय घेणे यांतल्या क्षमता आधीपेक्षा इतक्या घटतात की रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः करता येत नाहीत, तेव्हा. म्हणजे यात दोन अटी आल्या. घट झालेली पाहिजे आणि त्या घटीने रोजचे जगणे अडलेले पाहिजे. या दोन्हींच्या मधला एक टप्पाही असतो. त्यात घट दिसते, पण व्यवहार अजून चालू असतात.

स्मृतिभ्रंश हे एकाच आजाराचे नाव नाही. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे नुकसान हे दुसरे मोठे कारण, आणि ते रक्तदाब, साखर, तंबाखू यांच्याशी थेट जोडलेले आहे.

भारतात हे प्रमाण किती? 'लासी-डॅड' नावाच्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. साठ वर्षे व त्यापुढच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आढळले. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत मिळून ६२ लाखांच्या पुढे होती आणि त्यातला मोठा भाग खेड्यांत राहतो. तेव्हा हा प्रश्न पुण्या-मुंबईचा आहे, असे समजून चालणार नाही.

चाचणीत नेमके काय विचारतात?

जुनी आणि जगभर वापरली गेलेली चाचणी म्हणजे 'मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन'. अमेरिकेत फोल्स्टीन पती-पत्नी आणि मॅक्ह्यू यांनी ती १९७५ साली मांडली. एकूण ३० गुण. काळ आणि स्थळ यांचे भान १० गुण, तीन शब्द लगेच म्हणून दाखवणे ३, शंभरातून सात-सात वजा करत जाणे ५, तेच तीन शब्द थोड्या वेळाने आठवणे ३, वस्तूंची नावे २, वाक्य जसेच्या तसे म्हणणे १, तीन पायऱ्यांची सूचना पाळणे ३, वाचून कृती करणे १, स्वतःच्या मनाने एक वाक्य लिहिणे १ आणि आकृती बघून काढणे १. चोवीसपेक्षा कमी गुण आले तर पुढे तपासा, असा ढोबळ नियम.

दुसरी 'मोका', म्हणजे माँट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट. डॉ. नासरेद्दीन यांनी २००५ साली प्रसिद्ध केली. तीही ३० गुणांची, पण अवघड. सुरुवातीची बारीक घट पकडावी म्हणून ती मुद्दाम तशी केली आहे. तिसरी 'मिनी-कॉग', २००० सालची. तीन शब्द आणि एक घड्याळ, एवढेच. तीन मिनिटांत संपते, म्हणून गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागाला सोयीची.

आता तीन शब्दांमागचे तत्त्व बघा. लक्षात ठेवण्याच्या तीन पायऱ्या असतात: शब्द मेंदूत शिरणे, तिथे टिकणे आणि हवा तेव्हा बाहेर काढता येणे. शब्द लगेच म्हणायला लावतात ते शिरला की नाही हे बघायला. मधे वजाबाकी किंवा घड्याळ देतात ते मनातल्या मनात घोकता येऊ नये म्हणून. मग पुन्हा विचारतात. 'मोका'मध्ये शब्द आठवला नाही तर इशारा देता येतो, "तो एक फुलाचा प्रकार होता" असा. त्या इशाऱ्याला गुण नसतात, पण त्यातून बरेच कळते. इशाऱ्याने आठवले तर शब्द आत होता, काढायला अडचण होती. हे उदासीनतेत, झोप नसताना, मन थाऱ्यावर नसतानाही होते. इशारा देऊनही काहीच आठवत नसेल तर शब्द टिकलाच नाही. अल्झायमरमध्ये सुरुवातीला बहुधा हीच पायरी बिघडते.

घड्याळाचे काय? 'अकरा वाजून दहा मिनिटे' दाखवायला सांगतात. मिनिटकाटा दोनवर जायला हवा, पण 'दहा' ऐकून हात दहाकडे ओढला जातो. ती ओढ थांबवून विचार करता येतो का, हे त्यात दिसते.

शाळा न पाहिलेल्या आजींचे काय?

इथे आपल्या भागाचा खरा प्रश्न सुरू होतो. आज पंचाहत्तरीत असलेल्या आजी १९५० च्या आसपास जन्मलेल्या. १९६१ च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होते. त्या वयाच्या कितीतरी आजींनी पाटी हातात धरलेली नाही.

आता मघाचे तीस गुण पुन्हा मोजू. शंभरातून सात वजा करण्याचे ५, वाचण्याचा १, लिहिण्याचा १, आकृती काढण्याचा १. हे ८ गुण शाळेत गेल्याशिवाय मिळणे कठीण. तीसमधून आठ गेले, राहिले बावीस. रेषा आहे चोवीसची! म्हणजे बाकी एकही चूक न करता, स्मरण ठणठणीत असताना, आजी 'नापास'. तीच गोष्ट पेन्सिलीने घड्याळ काढण्याची. ज्या हातांनी साठ वर्षे निंदणी-खुरपणी केली, कपाशी वेचली, त्यांना कोऱ्या कागदावर गोल काढणे हेच नवे काम असते. 'मोका'मध्ये कमी शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात, पण तो बारावीपर्यंत शिकलेल्यालाही एक आणि शाळेत न गेलेल्यालाही एकच. अशांसाठी 'मोका-बेसिक' म्हणून वेगळी आवृत्ती काढावी लागली, ती याचसाठी.

निरक्षर माणसाची स्मरणशक्ती कमी असते असा कुणाचा समज असेल तर खान्देशाने तरी तो ठेवू नये. बहिणाबाई चौधरी असोद्याच्या लेक, जळगावच्या सून. १८८० ते १९५१ हा त्यांचा काळ. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. काम करता करता रचलेली गाणी तोंडपाठ. ती कागदावर आली आणि १९५२ साली पुस्तक झाली, ती चिरंजीव सोपानदेवांमुळे. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. 'एक वाक्य लिहा' या प्रश्नाला त्यांनाही शून्यच मिळाला असता.

हा प्रश्न भारतीय संशोधकांच्या लक्षात फार आधी आला. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करताना भारत-अमेरिका संयुक्त गटाने 'हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन' तयार केली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. 'वाचा आणि करा' ऐवजी 'माझ्याकडे बघा आणि मी करतो तसे करा'. वाक्य लिहिण्याऐवजी 'तुमच्या घराबद्दल काही सांगा'. मोजायची क्षमता तीच ठेवली, फक्त शाळेचा अडसर काढला. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, अनेक भाषांत एकसारखा चाचणीसंच तयार केला. त्याच्या पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. त्यात मराठी नव्हती, हे लक्षात ठेवायला हवे.

मराठी असती तरी आपला प्रश्न पुरता सुटला नसता. धुळ्याकडच्या आजींची घरची भाषा अहिराणी. यावल-रावेरकडे लेवा बोली. चोपडा-शिरपूरच्या सातपुड्याच्या अंगाला पावरी, भिली. "आज कोणता वार आहे?" याला अडखळणाऱ्या आजी "माय, आज कोनता वार शे?" म्हटल्यावर झटकन सांगतील. तारखेचेही तसेच. आज १४ की १५ हे न सांगता येणाऱ्या आजींना आखाजी होऊन किती दिवस झाले, पोळा कधी आहे, गावचा बाजार परवा की तेरवा, हे बरोबर माहीत असते. त्यांचा काळ तिथी, सण आणि बाजार यांनी मोजला जातो.

मग तपासणाऱ्याने आपल्या मनानेच प्रश्न बदलावेत का? नाही. भाषा समजेल अशी करावी, घरची बोली बोलणारे कुणी तरी सोबत असावे. पण प्रश्नच बदलले की चोवीसची किंवा सव्वीसची रेषा निरर्थक होते. ती रेषा ठरावीक प्रश्नांवरून, ठरावीक लोकांत तपासून काढलेली असते. म्हणून लोकांच्या शिक्षणाला आणि बोलीला धरून पारखलेल्या चाचण्या हव्यात. पोर्तुगालमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास यात उपयोगी आहे. एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगायला लावली तर निरक्षर मागे पडले. दुकानात मिळणाऱ्या खाण्याच्या वस्तू सांगायला लावल्या तर साक्षर-निरक्षर फरक उरला नाही. आपल्याकडे 'बाजारातल्या भाज्या सांगा' हा प्रश्न असा रीतसर पारखून घेता येईल.

याची उलट बाजूही आहे. निवृत्त मुख्याध्यापकांना २९ गुण मिळतात आणि सगळे निश्चिंत होतात. पण तेच नाना सहा महिन्यांपासून बँकेचे पासबुक तीनतीनदा भरायला जातात आणि परतीच्या वाटेवर गोंधळतात. शिकलेल्या माणसाला सोपी चाचणी पार करता येते, म्हणून घट लपते.

चाळणीचे गणित

ही चाचणी म्हणजे चाळणी आहे, निदान नव्हे, असे सगळेच सांगतात. याचा आकड्यांत अर्थ काय? एक उदाहरण घेऊ. समजा, साठीपुढच्या १,००० जणांची सरसकट चाचणी घेतली. ७.४ टक्के धरले तर त्यांत ७४ जणांना आजार आहे. समजा, चाचणी आजारी माणसांपैकी ८० टक्के पकडते आणि निरोगी माणसांपैकी ८० टक्क्यांना बरोबर 'ठीक' म्हणते. आता मोजा. ७४ पैकी ५९ सापडले, १५ सुटले. निरोगी ९२६ पैकी २० टक्के, म्हणजे १८५ जण उगाच अडकले. एकूण २४४ जणांचे गुण कमी आले, त्यांत खरे आजारी ५९. म्हणजे 'नापास' झालेल्या चारांपैकी एकालाच आजार आहे.

शाळा न पाहिलेल्यांच्या गटात हीच चाचणी निरोगी माणसांना फक्त ६० टक्के वेळा ओळखत असेल, तर उगाच अडकलेले ३७० होतात. मग सातांपैकी एकच खरा.

आता तीच चाचणी वेगळ्या ठिकाणी वापरू. ज्यांच्या घरच्यांना गेल्या वर्षभरात काही बदल जाणवला आहे अशा १०० जणांनाच बोलावले. समजा, त्यांत ४० जणांना खरोखर आजार आहे. ८० टक्क्यांच्या हिशेबाने ३२ सापडतील आणि निरोगी ६० पैकी १२ उगाच अडकतील. ४४ पैकी ३२, म्हणजे चारांपैकी जवळपास तीन खरे. चाचणी तीच, कागद तोच. कुणाची घेतली यावर तिची किंमत ठरली.

तपासणीच्या दिवशी

आपल्याकडची तपासणी कशी असते ते डोळ्यांपुढे आणा. उपाशीपोटी साखर तपासायची म्हणून आबा पहाटे उठून, चहाही न घेता, एसटीने येतात. दोन तास रांग. मे महिना असेल तर खान्देशातले ऊन, पारा ४५ च्या घरात. बाजूला ध्वनिक्षेपक. अशा वेळी तीन शब्द सांगितले आणि आठवले नाहीत, तर तो दोष मेंदूचा की रांगेचा?

काही गोष्टी आपल्या हातात आहेत. स्मरणचाचणी नाश्ता-पाणी झाल्यावर घ्यायला सांगा. चष्मा आणि कानाचे यंत्र सोबत न्या. शब्द ऐकूच आला नाही तर लक्षात राहणार कसा? कानात मळ असेल तर तो आधी काढून घ्या. शांत कोपरा मागा. घरच्यांनी बाजूला बसून उत्तरे सुचवू नयेत आणि हसू तर मुळीच नये. ताप, लघवीचा संसर्ग, नुकतेच झालेले ऑपरेशन, जुलाब किंवा उन्हाचा त्रास असेल तर त्या दिवशी चाचणी नकोच. आणखी एक. कालपर्यंत नीट असलेले माणूस दोन-चार दिवसांत एकदम गोंधळले, तर ते स्मृतिभ्रंश धरून घरी बसू नका. रक्तातले सोडियम घसरणे, साखर उतरणे, संसर्ग, डोक्याला मार अशी कारणे असू शकतात. अशा माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे.

घरच्यांना विचारायचे प्रश्न

आकड्यापेक्षा पुष्कळदा उपयोगी पडते ती दुसरी पद्धत. माणूस आज किती गुणांचा आहे हे विचारण्याऐवजी, हे माणूस आधीच्या आपल्या स्वतःपेक्षा बदलले आहे का, हे त्याला रोज बघणाऱ्याला विचारायचे. अमेरिकेत २००५ साली आलेली 'एडी-८' ही आठ प्रश्नांची यादी अशीच आहे. बल्लभगडच्या गटानेही खेड्यातल्या जगण्यावर आधारित प्रश्नावली केली होती. जेवल्याचे विसरून पुन्हा जेवण मागतात का, गावात वाट चुकतात का, असे त्यातले प्रश्न. यात शाळेचा संबंध येत नाही.

आपल्या घरांत हे प्रश्न कसे विचारता येतील? मजुरांच्या हजेरीचा हिशेब पूर्वी तोंडी करायचे, आता चुकतो का? भाजी तीच, हात तोच, पण मीठ दोनदा पडते का? साखरेची गोळी घेतली की नाही हे विसरून पुन्हा घेतात का? शेताच्या नेहमीच्या वाटेवर थबकतात का? तीच गोष्ट दहा मिनिटांत तीनदा विचारतात का? पूर्वी बोलके असलेले माणूस एकदम गप्प किंवा संशयी झाले का? बदल केव्हापासून, हे तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांना त्या दोन पानांतून जे कळते ते तीस गुणांतून कळत नाही.

सरकारी पातळीवर आपल्या आशाताईंच्या हातात 'सीबॅक' नावाचा तक्ता असतो. तिशीपुढच्या सगळ्यांसाठी तो भरतात. त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? प्रश्न आहे हे चांगलेच. पण दोन अडचणी आहेत. नातवंडांची नावे विसरेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. आणि हे खुद्द त्या माणसाला विचारले तर "छे, मला काय झालंय" हेच उत्तर येते, कारण या आजारात आपण विसरतो हेही पुष्कळदा कळत नाही. म्हणून आशाताई आल्या की सुनेने, मुलीने, मुलाने आपल्याला दिसलेला बदल स्वतःहून सांगावा.

आकडा कमी आला तर

पहिले, घाबरून निष्कर्ष काढू नका. दुसरे, कागद कपाटातही ठेवू नका. काही दिवसांनी, शांत वेळी चाचणी पुन्हा करून घ्या.

मग दुरुस्त होऊ शकणारी कारणे शोधायची. ब जीवनसत्त्व-१२ कमी असणे हे त्यांतले नेहमीचे. शाकाहारी जेवण आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणे, या दोन्हींनी ते घसरू शकते. थायरॉइड मंद असणे. हिमोग्लोबिन, सोडियम, मूत्रपिंडाचे काम. झोपेच्या गोळ्या आणि काही ॲलर्जीच्या, लघवीच्या गोळ्या वृद्धांचे डोके जड करतात, म्हणून घरातली सगळी औषधे पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवा. उदासीनता हे फार मोठे कारण आहे. जोडीदार गेल्यावर सहा महिन्यांत माणूस विसरायला लागले, तर आधी तिकडे बघायला हवे. मोटारसायकलवरून किंवा मोरीत पडून डोक्याला मार लागला असेल तर आठवड्यांनीही मेंदूभोवती रक्त साठू शकते. ते सीटी स्कॅनमध्ये दिसते आणि त्यावर उपचार आहे.

एवढे होऊनही शंका राहिली तर मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या ठिकाणी मानसोपचार आणि मेडिसिन विभागांपासून सुरुवात करता येते.

मग सगळ्यांचीच चाचणी घ्यावी का?

जगात यावर एकमत नाही. अमेरिकेत मेडिकेअरच्या वार्षिक तपासणीत २०११ पासून बुद्धी-स्मरणाकडे लक्ष देणे धरलेले आहे. त्याच देशाच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२० साली सांगितले, की लक्षणे नसलेल्या ज्येष्ठांची सरसकट चाचणी घ्यावी की नाही हे ठरवायला पुरावा पुरेसा नाही. इंग्लंडमध्ये २०१४ साली प्रत्येक नव्या निदानामागे डॉक्टरांना ५५ पौंड देण्याची योजना आली. निदानाला पैसे कसले देता, अशी ओरड झाली आणि २०१५ च्या मार्चमध्ये ती संपली.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली चाळणी-तपासणीचे निकष लिहिले. त्यांतला एक साधा आहे: चाळणीत जे सापडतील त्यांच्या पुढच्या तपासणीची आणि उपचारांची सोय असली पाहिजे. आम्ही याच बाजूने आहोत. शिबिरात शंभर जणांना आकडा वाटून मंडप काढून टाकायचा, याने भले होत नाही. त्यापेक्षा प्रत्येकाच्या घरच्यांना बदलाबद्दल दोन प्रश्न विचारावेत, 'हो' आले त्यांचीच चाचणी निवांत घ्यावी आणि पुढची तारीख, जागा हातात द्यावी.

हा कागद कुणाच्या हातात?

हे बोलणे जरा अवघड, पण टाळून चालणार नाही. साताबाऱ्यावर नाव आबांचे किंवा मायचे असते. कमी गुणांचा कागद घरात आला की कुणाच्या तरी मनात येते, "आता यांची सही चालणार नाही", किंवा उलट, "आता लवकर सही करून घेऊ." दोन्ही चूक.

तीसपैकी कितीही गुण आले तरी तो वेडेपणाचा दाखला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट म्हटले आहे, की नुसत्या मानसिक आजाराच्या निदानावरून माणूस विकल मनाचा ठरत नाही, ते सक्षम न्यायालयाने घोषित करावे लागते. मृत्युपत्रासाठी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम ५९ बघते, की ते करताना माणसाचे मन ठिकाणावर होते का. आपण काय करतो आहोत हे त्याला त्या वेळी कळत होते का, हा खरा प्रश्न. आणि सांभाळण्याच्या अटीवर जमीन लिहून घेऊन नंतर सांभाळले नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली तो व्यवहार रद्द करून मागता येतो.

चाचणी घेण्याआधी कशासाठी घेतो ते सांगावे, त्यांची संमती घ्यावी आणि निकाल आधी त्यांनाच, समजेल अशा शब्दांत सांगावा.

व्याख्यानानंतरचे काही प्रश्न

*मोबाइलवर या चाचण्या मिळतात. घरी सराव करून घेतला तर?*
सरावाने गुण वाढतात, स्मरण वाढत नाही. २०१८ साली अमेरिकेच्या अध्यक्षांना 'मोका'त ३० पैकी ३० मिळाल्याचे जाहीर झाले आणि त्यातले प्रश्न जगभर पोचले. तेच शब्द पाठ करून गेलात तर डॉक्टरांची दिशाभूल होते आणि नुकसान आपले. त्यापेक्षा मघाशी सांगितलेली वही ठेवा.

*वडील तपासणीला यायलाच तयार नाहीत.*
'तुमचं डोकं तपासायचंय' असे म्हटल्यावर कोण येईल? कान, डोळे, रक्तदाब, साखर यांच्या तपासणीने सुरुवात करा, कारण त्याही याच कामाच्या आहेत. स्मरणाबद्दलही विचारतील हे लपवू नका. आणि शक्य असेल तर ज्यांचे ते ऐकतात त्या डॉक्टरांकडेच न्या.

*औषध आहे का? नसेल तर कळून काय उपयोग?*
डोनेपेझिलसारखी औषधे काही जणांची लक्षणे काही काळ सावरतात, आजार थांबवत नाहीत. तरी लवकर कळल्याचा उपयोग आहे. गोळ्यांची जबाबदारी दुसऱ्याने घेता येते, इन्सुलिन दोनदा टोचले जात नाही, गॅसची काळजी घेता येते, पैशांच्या फसवणुकीपासून जपता येते. आणि आपली इच्छा काय, हे त्या माणसाला स्वतः सांगता येते. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ साली असे १४ घटक मांडले, की ते टाळता आले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील. कमी शिक्षण, बहिरेपण, अधू दृष्टी, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा ही त्यांतली काही नावे. कान आणि मोतीबिंदू यांवरचा इलाज तर आज, तालुक्याच्या गावीही सुरू करता येतो.

*गावाकडे विचारायचे कुणाला?*
ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही क्रमांक घरातल्या फोनमध्ये नोंदवून ठेवा. सांभाळणाऱ्या सुनेला किंवा मुलीला दमायला झाले असेल तर तिनेही १४४१६ वर बोलावे. तो तिच्यासाठीही आहे.

आज एवढेच.